चिवट गोळी आणि मी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी औषधाची गोळी कधी चावून पाहिली आहे का? पाहिली असेल तर तुमचे तोंड कसे वाकडे झाले होते ते आठवा. मी मात्र जन्मभर तेच करत आलो. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या, कडूजहर आणि वरवर गोड लागणाऱ्या कितीतरी गोळ्यांचे माझ्या पोटात पीठ झाले. आजार म्हणाल तर मला एकही नाही. मी आहे एक म्हातारा खल, चिनी मातीचा, काठाचा एक टवका उडालेला आणि स्वभावाने भलताच चौकस.

खल म्हणजे काय, हे हल्ली सांगावे लागते. जाड बुडाची एक वाटी समजा. तिच्यात कुटायला जो दांडा असतो तो बत्ता. माझा बत्ता माझ्याच भट्टीतून निघाला. तो कामापुरते बोलतो, म्हणजे नुसते टक्‌टक्. विचार करायचे काम त्याने पहिल्यापासून माझ्यावर टाकले आहे.

आम्हाला साच्यातून काढले तेव्हा आम्ही ओले आणि मऊ होतो. मग भट्टीत असे भाजले की आयुष्यात पुन्हा कशाचा चटका जाणवला नाही. बाहेरून मला चकचकीत झिलई दिली, पण आतून मुद्दाम खरखरीत ठेवले. मला फार वाईट वाटले. सगळ्या जगाला दिसते ती बाजू झकपक आणि पोट मात्र खडबडीत, असे का? पुष्कळ दिवस मी मनातल्या मनात रुसून होतो. पहिली गोळी माझ्यात पडली तेव्हा उलगडा झाला. पोट गुळगुळीत असते तर गोळी बत्त्याखालून निसटून पळाली असती. तरीही एक पळालीच. ती उडून थेट एका सिस्टरांच्या चष्म्यावर आदळली आणि औषधांची खोली हसण्याने भरून गेली. माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस होता.

ती खोली एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डाला लागून होती. खिडकीखाली बेसिन, भिंतीला काचेची कपाटे, मध्ये चाकांची ट्रॉली. ज्यांना गोळी गिळता येत नसे त्यांच्यासाठी मी होतो. गोळीची पूड करायची, चमचाभर पातळ खाण्यात मिसळायची आणि ट्रॉलीवरून न्यायची. ट्रॉली दाराबाहेर गेली की माझी खरी तगमग सुरू व्हायची. आता ती पूड माणसाच्या आत गेली असेल. तिथे ती काय करते? पांढरी गोळी डोक्याकडे जाते आणि पिवळी पोटाकडे, हे तिला कोण सांगते? मला माणूस कधी दिसतच नसे. मला दिसायचे ते फक्त गोळ्या आणि हात.

माझी ही भूक थोडीफार भागली ती मोठ्या सिस्टरांमुळे. वॉर्डातल्या सगळ्या परिचारिकांच्या त्या प्रमुख. उंच, सावकाश चालणाऱ्या, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावे लागे. शिकायला आलेल्या मुलींना त्या माझ्यासमोरच शिकवत, आणि मी फुकटचा विद्यार्थी.

"गोळी हातात घेतली की आधी गोळीकडे बघता, हे चांगलंच आहे," त्या म्हणायच्या. "मग माणसाकडे कधी बघणार? रक्तदाबाची गोळी द्यायचीय ना? मग आधी दाब मोजा, नाडी बघा. आधीच खाली गेलेला असेल तर गोळी हातातच ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. दिली असेल तर त्यांना एकदम उभं करू नका. खाटेच्या कडेला जरा बसू दे, पाय लोंबकळू दे, मग उठवा."

साखरेच्या गोळ्यांची वेळ झाली की त्या जेवणाच्या गाडीची चौकशी करत. ताट समोर आले नसेल तर गोळी थांबे. एखाद्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, तो उगाच चिडचिड करू लागला, तर त्याला हट्टी म्हणू नका, त्याची साखर मोजा, असे त्या सांगत. रक्त पातळ करणारी गोळी असली की त्यांचे प्रश्न ऐकून नव्या मुली लाजत. दात घासताना रक्त येते का? अंगावर निळे डाग दिसतात का? शी काळी होते का? आणि गुडघेदुखीची एखादी गोळी आपल्या मनाने दुकानातून आणून घेतली नाही ना?

एकदा एक मुलगी कंटाळून म्हणाली, "सिस्टर, प्रत्येकाला एवढं विचारत बसलं तर गोळ्या वाटता वाटता संध्याकाळ होईल."

"होऊ दे की," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "संध्याकाळ काय, रोजच होते."

मला त्या बाईंचा फार अभिमान वाटायचा. त्या मलाही माणसासारखे वागवत. एका रुग्णाची गोळी कुटून झाली की मला घासूनपुसून कोरडे केल्याशिवाय दुसऱ्याची गोळी माझ्यात टाकू देत नसत. "एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जायला नको," असे म्हणत स्वतः माझ्या तळाशी बोट फिरवून बघत. नव्या मुलींना माझी ओळख करून देताना त्या म्हणत, "हा आपल्या वॉर्डाचा सगळ्यात जुना माणूस." त्यावर मी किती फुगत असेन ते तुम्हीच ओळखा.

पण मित्रांनो, मातीचे शरीर किती दिवस टिकणार? एकदा बेसिनच्या नळावर आपटून माझ्या काठाचा टवका उडाला. त्याच सुमारास गोळ्या दळायचे एक नवे यंत्र आले. गोळी छोट्या पिशवीत घालायची, खटका दाबायचा, काम झाले. पिशवी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे धुवायची कटकटच नाही. खरे सांगायचे तर ते यंत्र माझ्यापेक्षा चांगले होते, आणि हेच मला जास्त लागले. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. माझ्यात रबरबँड, एक सेफ्टीपिन आणि बिनपेनाचे टोपण येऊन पडले. बत्ता शेजारी आडवा. खालून आवाज यायचे, पण कोणती गोळी कशासाठी चालली आहे ते नीट ऐकू येत नसे. मला वाटले, संपले आपले आयुष्य.

तिथून मी खाली उतरलो तो एका आजींमुळे.

त्यांचे यजमान कुलपे दुरुस्त करणारे कारागीर होते. वॉर्डात सगळे त्यांना कुलूपवाले आजोबा म्हणत. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणे जवळजवळ गेले होते आणि गिळताना घोट चुकायचा. आता ते घरी निघाले होते. आजींना यंत्र दाखवले, पण त्यांनी हात वर केले.

"ते खटक्याचं काही माझ्याच्यानं होणार नाही, बाई. मला आपलं कुटायचं काहीतरी द्या."

मोठ्या सिस्टरांनी वर पाहिले आणि स्टुलावर चढून मला काढले. रबरबँड ओतून दिले, गरम पाण्याने धुतले. आजोबांच्या गोळ्या एकेक करून औषधविभागातल्या फार्मासिस्टला दाखवून घेतल्या आणि मग आजींना म्हणाल्या, "या सगळ्या कुटल्या तरी चालतील. कुस्करलेल्या केळ्यात मिसळून द्या. आजोबांना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली. एक घोट गिळला की मग पुढचा चमचा. घाई करायची नाही."

"घाई कशाला करतेय," आजी म्हणाल्या, "यांना दुकान उघडायचं थोडंच आहे."

आजोबा डाव्या बाजूने हसले. मी आजींच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून बसलो. त्या दिवसाइतका आनंद मला भट्टीतून निघतानाही झाला नसेल. आता मला माणूस दिसणार होता!

त्यांचे घर दुकानाच्या मागेच होते. पुढच्या खोलीत भिंतभर किल्ल्या लटकत होत्या, मागे स्वयंपाकघर आणि ओट्यावर मी. तिथून जेवणाचे टेबल आणि आजोबांची खुर्ची सरळ दिसायची. अखेर मी पाहिले, पूड तोंडात जाते आणि मग काय होते ते. पहिल्यांदा तर काहीच होत नाही! माझी जरा निराशाच झाली. पण दिवस गेले तसे कळू लागले. आजोबांच्या गालावर रंग आला. ते काठी टेकत दुकानापर्यंत जाऊ लागले. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने एक गंजलेले कुलूप उघडले आणि ते आजींना असे दाखवले, जसे काही शाळेत पहिला नंबर आला आहे. त्यांची लेक टपाल कचेरीत कामाला होती. ती संध्याकाळी घरी आली की कुलपाची गोष्ट आजी पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

रक्तदाबाची गोळी मात्र दिवसातून तीनदा द्यावी लागे. दुपारच्या गोळीसाठी आजोबांना झोपेतून उठवावे लागे आणि मग ते दिवसभर चिडलेले असत. आजींनी ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, "मग ही दुसरी घ्या. दिवसातून एकदाच, सकाळी. दिवसभर काम करते." सगळ्यांना बरे वाटले. दुपारची झोपमोड टळली म्हणून आजोबांनी मानसुद्धा डोलावली. गोळी कशी देता, हे डॉक्टरांनी विचारले नाही. गोळी कुटून देते, हे आजींनी सांगितले नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काय होते? या घरात सगळ्याच गोळ्या कुटल्या जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळी माझ्यात पडली आणि मी चमकलो. आजवर इतक्या गोळ्या खाल्ल्या, पण ही वेगळीच होती. बत्ता पडला तरी तिचा चुरा होईना. ती दबायची, पसरायची आणि बुडाला चिकटून बसायची.

"मेली भारीच चिवट आहे!" आजी म्हणाल्या आणि त्यांनी दोन थेंब पाणी घातले. त्याबरोबर गोळी डिंकासारखी बुळबुळीत झाली. आजींनी हार मानली नाही. पदर खोचून त्यांनी ती चांगली घोटली आणि चमच्याने माझे पोट खरवडून कणन्‌कण केळ्यात मिसळला. औषध वाया जाऊ नये म्हणून त्या माउलीने किती कष्ट घेतले! मी मात्र विचारात पडलो. जिला कुणी एवढे मुद्दाम चिवट केले, तिला तसे करण्यामागे काही कारण असेल की नाही? माझे पोट उगाच खरखरीत नव्हते. मग हिचा चिवटपणा उगाच कसा असेल?

उत्तर मला रोज सकाळी समोर दिसू लागले, पण ते उत्तर आहे हे कळत नव्हते. नाश्ता झाला की थोड्या वेळाने आजोबांचा चेहरा मातीसारखा व्हायचा. कपाळावर गार घाम. उठायला गेले की तोल जायचा. दुपारपर्यंत ते खुर्चीत मान टाकून पडून असत. दुकानात जाणे थांबले. एका सकाळी ते दाराशीच कोसळले. कोपर सोलवटले, बाकी वाचले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "या वेळी हाड वाचलं. पुढच्या वेळी खुब्याचं मोडलं, तर या वयात पुन्हा चालणं कठीण आहे. जपा."

आजी जपत होत्याच. आणखी काय जपणार?

गंमत अशी की संध्याकाळी सगळे उलटे दिसे. मोठ्या सिस्टरांची नेमणूक आता घरोघरी जाऊन रुग्ण तपासणाऱ्या पथकात झाली होती आणि आमचे घर त्यांच्या फेरीत अगदी शेवटी येई. त्या यायच्या तेव्हा दिवेलागणी झालेली असे. त्या आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजत आणि त्यांच्या कपाळाला आठी पडे. दाब चढलेला! एकदा नव्हे, दर खेपेला.

"सकाळी कसे असतात?" त्यांनी विचारले होते.

"जरा गळून जातात," आजी म्हणाल्या. "आजारपणच केवढं मोठं झालं ना."

सिस्टरांना ते पटले. एवढ्या मोठ्या झटक्यानंतर माणूस गळून जाणारच. त्यांनी चढलेला दाब डॉक्टरांना कळवला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यातही असाच राहिला तर गोळी वाढवू.

"म्हणजे गोळी पुरतच नाहीये, आई," लेक म्हणाली. "मोठी गोळी सुरू झाली की बाबांना बरं वाटेल."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! या घरात सकाळचे आजोबा आणि संध्याकाळचा पट्टा दोन्ही बघणारे होतो फक्त आजी आणि मी. आजींना आकड्यांतले कळत नव्हते आणि मला बोलता येत नव्हते. छोट्या गोळीने जो माणूस दाराशी कोसळला, तो मोठ्या गोळीने कुठे कोसळेल? तसे बोलता आजोबांनाही येत नव्हते. ते डाव्या हाताने कपाळ धरून बसायचे, एवढेच.

मग एका सकाळी दार वाजले. सिस्टरांचा त्या दिवशीचा पहिला रुग्ण गावाला गेला होता, म्हणून त्या आमच्याकडे आधी आल्या. आजी ओट्यापाशी चिवट गोळी घोटत होत्या. आवाज ऐकून सिस्टर आत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई, हा म्हातारा अजून कामावर आहे!" त्यांनी माझ्या टवक्यावरून बोट फिरवले. मग त्यांचे लक्ष माझ्या पोटात गेले. बोट तसेच राहिले.

"आजी, हे असं चिकट काय आहे?"

"ती नवीन गोळी हो, प्रेशरची. कुटली जातच नाही मेली. पण मी सोडत नाही तिला."

"थांबा. तो चमचा खाली ठेवा. पाकीट बघू तिचं."

त्यांनी पाकीट खिडकीपाशी नेऊन वाचले, फार्मासिस्टला फोन लावला आणि ऐकता ऐकता डोळे मिटून घेतले. मग त्यांनी आजोबांना पट्टा बांधला. त्या दिवशीची गोळी अजून पोटात गेली नव्हती, आणि दाब एरवीच्या संध्याकाळसारखाच चढलेला होता.

"आजी, इकडे बसा," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या घरात पाण्याची टाकी असते ना? नळानं दिवसभर थोडं थोडं पाणी येतं. ही गोळी तशी आहे. आख्खी गिळली की ती दिवसभर हळूहळू औषध सोडते. म्हणून तर ती एकदाच घ्यायची. आपण ती कुटली म्हणजे टाकीच फोडली. सकाळी सगळं औषध एकदम अंगात जातं, दाब धाडकन खाली येतो, आजोबांना चक्कर येते. आणि संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. मग मी येते, मोजते आणि म्हणते, दाब वाढलाय!"

मला एकदम सगळे कळले. त्या चिवटपणाचे कारण इतके सोपे होते! एक क्षणभर मला केवढा आनंद झाला. मग मी आजींकडे पाहिले आणि तो आनंद जिथल्या तिथे जिरला.

आजी हळूच खाली बसल्या. "म्हणजे रोज सकाळी मीच? माझ्या या हातांनी?"

"तुम्ही नाही," सिस्टर म्हणाल्या. "हा खल तुम्हाला मी दिला. गोळी बदलली तेव्हाही मी येतच होते. आकडा घ्यायचे नि निघायचे. तुम्ही गोळी कशी देता हे एकदा बघायला हवं होतं मी. मुलींना जन्मभर तेच शिकवलं आणि इथे स्वतःच विसरले."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांशी बोलणे केले. मोठी गोळी रद्द झाली. पुन्हा आधीची, कुटता येणारी, तीन वेळांची गोळी ठरली. दुपारची झोपमोड परत आली, पण सकाळची चक्कर गेली. काही दिवसांतच आजोबांच्या चेहऱ्यावर रंग दिसू लागला. संध्याकाळचा आकडाही जागेवर आला.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती, पण जुनी गोळी परत आली त्या पहिल्याच दिवशी एक नवे संकट उभे राहिले होते. आजींनी औषधाला हात लावायचे सोडले.

"मी नाही देणार," त्या म्हणाल्या. "आणि तो खल माझ्या डोळ्यांसमोर नको."

मला बेसिनखाली, फडक्यांच्या मागे ठेवले. त्या दुपारी सिस्टर औषध द्यायला मुद्दाम आल्या. लेकही रजा काढून घरी थांबली होती. सिस्टरांनी पूड आपल्या पिशवीतल्या यंत्रात केली आणि चमचा पुढे केला. "आजोबा, आ करा."

आजोबांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, लहान मुलासारखं काय करता?" लेक म्हणाली. तिने चमचा घेतला. ओठ आणखी घट्ट. केळे काळे पडले, चमचा दोनदा बदलला, समजावून झाले, रागावून झाले. ओठ काही उघडेनात. शेवटी आजोबांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवले. तिथे आजी पदराचे टोक तोंडात धरून उभ्या होत्या.

"नका हो मला बोलावू," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते."

आजोबांचा जबडा हलला. कितीतरी वेळ त्यांच्या घशात काहीतरी घरघरत राहिले आणि मग झटक्यानंतर पहिल्यांदाच एक स्वच्छ शब्द बाहेर आला.

"तू."

आजी ओट्याशी आल्या. वाकून त्यांनी मला फडक्यांमागून काढले, धुतले, पुसून कोरडे केले. तोवर सिस्टरांनी आधीची पूड टाकून दिली आणि नव्या गोळ्या पुढे ठेवल्या. एक गोळी उचलून त्यांनी सिस्टरांना दाखवली. "ही कुटायची ना?" सिस्टर हो म्हणाल्या. दुसरी उचलली. "आणि ही? नक्की?" प्रत्येक गोळीला त्यांनी विचारले. विचारून झाल्यावर कुटले, केळ्यात मिसळले, आजोबांना ताठ बसवले आणि चमचा पुढे केला. आजोबांनी तोंड उघडले.

मित्रांनो, माझ्याकडे बघा. माझे तोंड केवढे मोठे आहे, पण त्यातून एक शब्द निघत नाही. निघाला असता तर चिवट गोळीच्या पहिल्याच सकाळी मी ओरडलो असतो. तुम्हाला मात्र बोलता येते. घरात कुणाची गोळी बदलली की ती तोडण्याआधी, कुटण्याआधी, कशात मिसळण्याआधी सिस्टरांना विचारा, डॉक्टरांना विचारा, औषधाच्या दुकानात विचारा. घेतल्यावर माणूस कसा दिसतो तेही सांगा, सकाळचे आणि संध्याकाळचेसुद्धा. लाजू नका. आणि विचारून झाले की घाबरून मागे सरू नका, आपल्याच हाताने द्या. कुणीतरी ओठ मिटून त्याच हाताची वाट पाहत बसलेले असते.